मंडळाच्या क्रूझ कमिटीला खुलं पत्र: जहाजावरच्या चित्रांच्या लिलावाबद्दल लोकांना आधी सांगा

आपल्या मंडळाची कार्यकारिणी, क्रूझ कमिटी, आणि अमेरिका-कॅनडातली जी जी मराठी मंडळं ग्रुप क्रूझ काढतात किंवा काढणार आहेत ती सगळी, यांना

सप्रेम नमस्कार.

मी या मंडळाची अकरा वर्षं सभासद आहे. गणपतीत मोदक वळायला असते, दिवाळीला तिकिटांच्या टेबलावर बसते, त्यामुळे हे पत्र बाहेरून दगड मारायला लिहिलेलं नाही हे आधी सांगते. मागच्या वर्षीच्या कॅरिबियन क्रूझला कमिटीने किती राबून सगळं केलं ते मी जवळून बघितलंय, ४६ जणांच्या खोल्या, जेवणात कांदा-लसूण न खाणारे वेगळे, व्हीलचेअरवाले दोघे, सोपं नसतं ते. पण त्या क्रूझवर एक गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल आपण सगळे वर्षभर गप्प आहोत. ज्यांनी ज्यांनी तिथे चित्रं घेतली ते एकमेकांकडे विषय काढत नाहीत, मला तर सात महिने कोणाला सांगायला लाज वाटत होती. आता नवीन क्रूझचं बुकिंग सुरू झाल्याचा मेल आला म्हणून लिहायला बसले.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं, दिवसभर नुसतं पाणी. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज आला, माझ्याकडे अजून आहे, "उद्या सी डे! सकाळी ११ वाजता पाचव्या डेकवर आर्ट ऑक्शन, शॅम्पेन फ्री, आपल्या ग्रुपसाठी पुढच्या रांगा ठेवल्यात, मंडळाचे टीशर्ट घालून सगळ्यांनी या." हा मेसेज टाकणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं, मला पक्कं माहितीये, एवढे सगळे एकत्र बसतील, फोटो चांगले येतील, इतकंच. पण तो मेसेज मंडळाच्या नावाने आला होता. आपल्याकडे मंडळाने सांगितलं म्हणजे कोणीतरी बघून ठेवलं असेल असं माणूस धरून चालतो, विशेषतः भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील.

माझ्यासोबत माझे वडील होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच अण्णा इकडे आले होते, मन रमावं म्हणून क्रूझला नेलं. आमचं गाव निफाड तालुक्यात, अण्णांनी चाळीस वर्षं लासलगावच्या मार्केटला कांदा घातलाय, मी लहान असताना ट्रॅक्टरवर त्यांच्या शेजारी बसून कितीतरी वेळा गेलेय. लिलाव हा शब्द आमच्या घरात जेवणाच्या ताटावर असायचा.

तर आम्ही गेलो. लाउंजच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंनी स्टँडवर चित्रं लावलेली, प्रत्येकावर छोटा दिवा सोडलेला, खाली किमतीची चिठ्ठी. दारात एक मुलगी हसून खोलीचं कार्ड मागते, ते मशीनला लावते आणि हातात नंबर छापलेलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड देते, की झालं तुमचं रजिस्ट्रेशन. दुसऱ्या हातात ग्लास. कागदावर सही घेतली, तो कागद दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला होता, मी वाचला नाही, आमच्यातल्या कोणीच वाचला नाही. मागे लोक उभे होते.

लिलाव करणारा तरुण मुलगा होता, खूप गोड बोलणारा. पहिली दहा मिनिटं त्याने नुसतं शिकवलं, कार्ड कसं वर करायचं, एकदा सगळ्यांनी मिळून वर करा बघू, सगळ्या हॉलने कार्डं वर केली, टाळ्या वाजल्या. मग एका चित्राची पाठ लोकांकडे करून ठेवली आणि ज्याला न बघता घ्यायचंय त्यांनी कार्ड वर करा म्हणाला, किंमत कमी असणार असं सांगून. मला तेव्हा तो खेळ वाटला. आज कळतं की माल न बघता बोली लावायची सवय पहिल्या पंधरा मिनिटांतच हाताला लागली.

मग समुद्रकिनाऱ्यावरच्या घराचं एक चित्र आलं, कॅनव्हासवर, निळं-जांभळं आकाश. मला खरंच आवडलं. जिन्याच्या भिंतीवर तशी जागा होती. गॅलरीत १,४०० डॉलर, आज आपल्यासाठी ८५० असं तो म्हणाला, मी कार्ड वर केलं, अजून चार-पाच कार्डं वर झाली. मला वाटलं आता किंमत चढणार. पण त्याने किंमत चढवलीच नाही. त्याने बोट दाखवत दाखवत सोल्ड, सोल्ड, सोल्ड असं पाच वेळा म्हटलं, पाचही जणांना ते चित्र मिळालं, परत टाळ्या.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, चित्र तर एकच ठेवलंय. पाच जणांना कसं दिलं?"

मी त्यांना सांगितलं की या छापील प्रती असतात अण्णा, लिमिटेड एडिशन म्हणतात, हे समोरचं नुसतं दाखवायला, आपलं त्यांच्या गोदामातून घरी येणार.

ते म्हणाले, "मग लिलाव कशाचा?"

मी त्यांना गप्प बसा म्हटलं. हे मला लिहिताना सुद्धा टोचतंय, पण म्हटलं. पुढच्या अर्ध्या तासात मी दुसरं चित्र घेतलं, स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दालीचं, इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्यावरच्या मालिकेतलं, खाली पेन्सिलची सही, १,९०० डॉलर. दालीचं नाव मला कॉलेजपासून माहिती, त्याची वितळलेली घड्याळं कोणी बघितली नाहीत. माझ्या घरात दाली, हा विचार डोक्यात चढला तो उतरेना.

बिल सांगते, कारण लोक आकडे सांगत नाहीत आणि तिथेच सगळं दडून राहतं. दोन चित्रांचे मिळून २,७५०. त्यावर १५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलाववाल्याला वर द्यायचे, ४१२ डॉलर ५० सेंट. दोन अप्रेझलचे, म्हणजे चित्राची किंमत लिहून दिलेल्या दाखल्यांचे, ३५ प्रमाणे ७०. फ्रेम आणि घरपोच पाठवण्याचे ४६०. एकूण ३,६९२ डॉलर ५० सेंट. हे सगळं खोलीच्या कार्डावर चढलं, तिथून क्रेडिट कार्डावर, माझ्या हातातून एक नोट गेली नाही, त्यामुळे गेल्यासारखं वाटलंच नाही.

अण्णांचा प्रश्न मी त्या दिवशी उडवून लावला, पण घरी आल्यावर तोच प्रश्न मला झोपू देईना. ज्यांनी लासलगावचा लिलाव बघितलाय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय. तिथे माल तुमच्या गाडीत असतो, रांगेने ट्रॅक्टर आणि पिकअप उभ्या, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, कांद्यात हात घालतात, खालचा वर काढून बघतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, ओला किती, आणि मग बोली चालते क्विंटलमागे. बोली लावणारे सगळे त्या धंद्यात मुरलेले असतात, काल पिंपळगावला काय भाव निघाला ते प्रत्येकाला ठाऊक. ज्याने शेवटची बोली लावली त्याचा माल, दुसऱ्याला तोच कांदा मिळत नाही. भाव नाही पटला तर शेतकरी गाडी वळवून घरी जातो. शेतकऱ्याला तिथे न्याय मिळतो असं माझं म्हणणं नाही, कांद्याने किती जणांना रडवलंय ते आम्हाला माहितीये. पण किंमत ठरते ती माल एक आणि मागणारे अनेक, आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर, म्हणून ठरते.

जहाजावर यातलं काहीच नसतं हो. माल गोदामात, तो किती आहे ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक. बोली लावणारे म्हणजे तुम्ही-आम्ही, ज्यांनी आयुष्यात चित्र विकत घेतलेलं नाही. काल हेच चित्र दुसरीकडे कितीला गेलं ते कोणाला माहिती नाही, बघायचं म्हटलं तर माझ्याकडे वायफायचं पॅकेज नव्हतं, बाहेर जाऊन शेजारच्या दुकानात विचारावं तर बाहेर अटलांटिक. चित्रं विकणारी कंपनी जहाजवाल्यांपेक्षा वेगळी असते, तिला जहाजावर जागा दिलेली असते आणि विक्रीतला वाटा जहाज कंपनीला जातो, हेही मला नंतर कळलं. नावाला लिलाव, पण खरं तर ते एक दुकान आहे आणि गावात दुसरं दुकानच नाही.

चित्रं सात आठवड्यांनी आली. उघडली तेव्हा वाईट नव्हती दिसायला, हे प्रामाणिकपणे सांगते. किनाऱ्याच्या घराच्या मागे लेबल होतं, जिक्ले ऑन कॅनव्हास. जहाजावर हा शब्द इतक्या नाजूकपणे उच्चारला जात होता की मला ती काहीतरी जुनी युरोपियन पद्धत वाटली होती. तर जिक्ले म्हणजे इंकजेट प्रिंट. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्स या छापखान्यात काम करणाऱ्या जॅक डुगान यांनी हा शब्द काढला, फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून, कारण इंकजेट म्हटलं की लोकांना ऑफिसचा प्रिंटर आठवायचा. चांगल्या शाईची चांगली इंकजेट प्रिंट ही काही टाकाऊ वस्तू नसते, वर्षानुवर्षं टिकते. पण ८५० डॉलर देताना मला ती इंकजेट आहे हे मराठीत किंवा इंग्रजीत सरळ शब्दांत कोणी सांगितलं असतं तर मी कार्ड वर केलं नसतं.

दालीचं प्रकरण जास्त खोल आहे आणि त्याच्यावर मी कित्येक रात्री घालवल्या. ही मालिका खरी आहे. दान्तेचा जन्म १२६५ चा, त्याच्या सातशेव्या जयंतीसाठी इटलीच्या सरकारने दालीला चित्रं काढायला सांगितली होती, मग तिकडे ओरड झाली की आमच्या राष्ट्रकवीला स्पॅनिश माणसाची चित्रं कशाला, आणि काम काढून घेतलं गेलं. दालीने जलरंगात काढलेल्या त्या चित्रांचे फ्रान्समध्ये लाकडाचे ठसे कोरून छापे काढले, एकूण १०० चित्रं, त्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास ठसे कोरावे लागले. केवढं कसब आहे, कोरणाऱ्या कारागिरांना खरंच नमस्कार करावा. पण हे छापे पुस्तकासाठी काढलेले होते आणि हजारोंच्या संख्येने निघाले. म्हणजे जगात त्या एकेका चित्राच्या हजारो प्रती आहेत. जमिनीवरच्या लिलावांचे जुने निकाल बघायला मिळतात, त्यात माझंच चित्र मला दोन-तीनशे डॉलरला गेलेलं सापडलं, एकदा नाही, बरेचदा.

राहिली सही. दालीच्या सहीवर तर किती रामायण झालंय. १९७४ साली फ्रेंच कस्टमवाल्यांनी फ्रान्स आणि स्पेनमधल्या अँडोरा या छोट्या देशाच्या सीमेजवळ एक गाडी अडवली, आत ४०,००० कोरे कागद, खाली दालीची सही आणि वर काहीच नाही. म्हणजे सही आधी, चित्र नंतर, आणि ते चित्र कोण छापणार याचा पत्ता नाही. हवाईमधल्या एका गॅलरीच्या लोकांना बनावट दाली प्रिंट विकल्याबद्दल १९९० मध्ये दोषी ठरवलं गेलं. हे सगळं छापून आलेलं आहे, कला क्षेत्रातल्या कोणालाही विचारा, दालीची पेन्सिलची सही म्हटली की तो आधी भुवई उंचावतो. मला हे जहाजावर कोणी सांगितलं नाही. माझ्या चित्रावरची सही खोटी आहे असा माझा आरोप नाही, मला एवढंच म्हणायचंय की त्या सहीसाठी मी पैसे मोजले आणि ती सही बाजारात पैसे आणत नाही.

आणि दालीच कशाला, मोठ्या नावांच्या छाप्यांचं सगळीकडे असंच असतं. डच चित्रकार रेम्ब्रांट १६६९ साली गेला, पण त्याच्या तांब्याच्या प्लेटा हातोहात फिरत राहिल्या, अठराव्या शतकात पॅरिसमध्ये त्यांच्यावरून परत परत छापे निघाले, झिजलेल्या रेषा दुसऱ्यांनी कोरून ताज्या केल्या. तोही रेम्ब्रांटच म्हणून विकता येतो, खोटं बोलावं लागत नाही. छापा कधीचा हे विचारायचं असतं, आणि ते विचारायचं असतं हेच आपल्याला माहिती नसतं.

आता अप्रेझल. ३५ डॉलर भरून एक छान जाड कागद आला, त्यावर माझ्या दालीची किंमत ३,१०० डॉलर लिहिलेली. काही दिवस मी त्या कागदावर शांत झोपले. मग लक्षात आलं की कागदावर नाव त्याच कंपनीचं आहे जिने चित्र विकलं. सोनार स्वतःच विकलेल्या पाटल्यांची स्वतःच किंमत लिहून देतो तेव्हा आपल्या आया काय म्हणतात? दुसऱ्या सोनाराकडे जाऊन वजन करून ये म्हणतात. मी शहरातल्या एका लिलावगृहाला फोटो पाठवून विचारलं, तीन ओळींचं उत्तर आलं, आम्ही याचा अंदाज १५० ते २५० डॉलर धरू.

मी कंपनीला मेल केले. आधी गोड उत्तरं, मग अटींचा तो कागद पाठवला ज्यावर मी सही केली होती. तेव्हा तो पहिल्यांदा वाचला. विक्री आंतरराष्ट्रीय पाण्यात झालेली आहे. विक्री अंतिम आहे. तोंडी सांगितलेलं काहीही बांधील नाही, कागदावरचं तेवढं खरं. राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही त्या आकड्यापर्यंत, विक्रेत्याच्या वतीने बोली लावायचा हक्क लिलाव करणाऱ्याला आहे. हे शेवटचं वाचून मी अण्णांना फोन केला, ते परत गावी गेले होते. आपल्याकडे १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ६४ आहे, आधी जाहीर केल्याशिवाय विकणाऱ्याने स्वतःच्या मालावर स्वतः बोली लावायची नाही आणि खोटी बोली लावून भाव चढवला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. इकडे अमेरिकेतही नियम साधारण तसाच आहे. पण जाहीर केलं की चालतं, आणि बारीक अक्षरात छापणं म्हणजे जाहीर करणं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू सही केली ना, मग आता त्याचा विचार सोड. पण बाकीच्यांना सांग."

तक्रार कुठे करायची हा पण एक मोठा घोळ आहे. जहाज फिरतं फ्लोरिडातून, पण झेंडा बहामा किंवा पनामाचा, चित्रं विकणारा तिसऱ्याच राज्यातला. १९९१ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट, त्यात वॉशिंग्टन राज्यातली एक बाई जहाजावर घसरून पडली होती, तिकिटावर छापलं होतं की खटला फ्लोरिडातच भरायचा, आणि कोर्टाने ती अट मान्य केली. तो खटला चित्रांचा नाही, पण बारीक अक्षरांचं वजन किती असतं ते त्यावरून कळतं. क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे, ठरल्याप्रमाणे वस्तू मिळाली नाही वगैरे चूक असेल तर ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवायचं असतं. माझं चित्र यायलाच सात आठवडे गेले. फ्रेमचं कौतुक करण्यात, भिंतीवर लावण्यात, शेजारच्यांना बोलावून दाखवण्यात पुढचे दिवस गेले आणि मुदत संपली.

हे काही माझ्या एकटीचं दुर्दैव नाहीये. २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जहाजांवरच्या चित्रांच्या लिलावावर मोठी बातमी केली होती, खरेदीदार चिडले होते, कोर्टात दावे लागले होते. इतकी वर्षं झाली त्याला. मला ती बातमी माहिती असती तर? पण आपण क्रूझला जाताना काय वाचतो, बफे किती वाजेपर्यंत असतो ते.

आपल्या ग्रुपमध्ये अजून चार घरांनी घेतलं. नावं सांगणार नाही. एकाच जोडप्याबद्दल लिहिते, त्यांची परवानगी घेतलीये. पुण्याहून मुलीकडे आलेले काका-काकू, काकांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, पेन्शनमधले साठवलेले पैसे मुलीच्या कार्डावरून खर्च केले आणि तिला भारतात गेल्यावर परत पाठवले. काकूंनी मला विचारलं होतं, तुम्ही घेताय ना, मग बरं असेल. मी हो म्हटलं. त्यांचं चित्र मुलीच्या गॅरेजमध्ये खोक्यातच पडून आहे, कोथरूडच्या फ्लॅटपर्यंत न्यायला जितका खर्च येतो तितकी त्याची किंमत नाही. माझे साडेतीन हजार गेले त्याचं दुःख ओसरलं, पण काकूंना मी हो म्हटलं ते ओसरत नाही.

छापील चित्र घेऊच नये असं मला म्हणायचं नाहीये, उलट. आपल्या सगळ्यांच्या आजोळी देवघरात राजा रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती होती, ती छापीलच होती. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्यांना अस्सल तैलचित्र बघायला सुद्धा मिळालं नसतं अशा घरांमध्ये त्या देव्या पोचल्या. माझ्या आजीची लक्ष्मी धुराने काळी पडलेली, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं, तरी आईने ती जपून ठेवली होती. ती छापील आहे हे विकणाऱ्याने लपवलं नव्हतं आणि घेणाऱ्याने छापील चित्राचेच पैसे दिले होते. चित्र आवडलं, परवडलं, भिंतीवर लावलं, यात वाईट काहीच नाही. ज्याने जहाजावर दोनशे डॉलरचं चित्र आवडलं म्हणून दोनशेला घेतलं त्याचं मी मनापासून कौतुक करेन. गुंतवणूक म्हणून, पुढे मुलांना कामाला येईल म्हणून, आज निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून घेऊ नका, एवढंच.

तर कमिटीकडे माझं मागणं काय ते लिहिते. पहिलं म्हणजे मंडळाच्या नावाने लिलावाचा मेसेज परत टाकू नका, कार्यक्रमपत्रिकेत घालू नका, पुढच्या रांगा ठेवू नका. ज्याला जायचं तो आपापला जाईल. जहाजवाले ग्रुपसाठी खास प्रीव्ह्यू ठेवतो म्हणतील, वाइन देतो म्हणतील, नम्रपणे नाही म्हणा.

दुसरं, निघायच्या आधी आपण जी ओरिएंटेशनची मीटिंग घेतो, जिच्यात गाला नाइटला नऊवारी नेसायची का यावर अर्धा तास जातो (जाऊ दे, मलाही त्यात मजा येते), तिथे दहा मिनिटं या विषयाला द्या. लोकांना सांगा की कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये छापील चित्र विकणाऱ्याला कायद्याने काही गोष्टी लेखी द्याव्या लागतात, छापा कोणत्या साली काढला, कलाकाराने स्वतः सही केलीये का, एकूण किती प्रती आहेत, प्लेट नष्ट केली का. हेच प्रश्न जहाजावर विचारायचे आणि उत्तर बिलावर लिहून मागायचं. लिहून देत नसेल तर ग्लास खाली ठेवून उठायचं. प्रतींचा आकडा विचारताना नीट विचारायचं, कारण चित्रावर १२५/३५० लिहिलेलं असतं आणि आपण समजतो साडेतीनशेच आहेत, पण कागदावरच्या वेगळ्या, कॅनव्हासवरच्या वेगळ्या, रोमन आकड्यांच्या वेगळ्या, कलाकाराच्या म्हणून राखलेल्या वेगळ्या, असं करत करत तो आकडा कुठल्या कुठे जातो.

तिसरं थोडं नाजूक आहे. ज्यांचे आई-वडील बरोबर येतात त्यांनी खोलीच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी, गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला सांगितलं की करून देतात. हे आई-वडिलांवर अविश्वास म्हणून सांगत नाहीये, मला स्वतःला ती मर्यादा असती तर बरं झालं असतं. आणि पहिल्या दिवशी काही घ्यायचं नाही, रात्री खोलीत येऊन किंवा बंदरावर उतरल्यावर फोनवर त्या चित्राचं नाव टाकून मागचे लिलावाचे निकाल बघायचे. सेंट थॉमसला किनाऱ्यावर उतरल्यावर माझ्या फोनला चांगली रेंज होती. पण मी आदल्याच दिवशी घेऊन मोकळी झाले होते.

बाकीच्या मंडळांनाही हेच सांगणं आहे. तुमच्याकडे कोणी असं घेतलं असेल आणि गप्प बसलं असेल तर त्यांना आधी बोलू द्या. फसलात कसे एवढे शिकलेले असून, असं विचारू नका. त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांकडे डिग्र्या होत्या.

आपली ओरिएंटेशन मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आहे असं मेलमध्ये लिहिलंय. मला दहा मिनिटं द्या, मी दाली, बिल, अटींचा कागद आणि अप्रेझल असं सगळं घेऊन येते, लोकांनी हातात धरून, उलटं करून बघावं. फ्रेम मोठी आहे, पण गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसते, काल मोजून बघितली.

आपली,
मंडळाची एक सभासद